प्रकाशसंश्लेषण प्रयोगसंच: प्रकल्प नोंदी, जानेवारी-फेब्रुवारी

५ जानेवारी: आखणी

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेसाठी प्रकाशसंश्लेषणाचे प्रयोग एका संचात बसवायचे आहेत. अट एकच, सामान तालुक्याच्या गावात मिळायला हवं. पालक, मका, कांद्याची पात आणि पानफुटी, तळ्यातलं हायड्रिला, मेडिकलमधली सिरिंज, किराणा दुकानातला खाण्याचा सोडा. सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून साका खाली बसवणारं यंत्र), कलरीमीटर (द्रावणाच्या रंगाचा गडदपणा मोजणारं) आणि साधा लक्समीटर (उजेड मोजणारा) प्रयोगशाळेत आहेतच.

"प्रकाशसंश्लेषणाचा दर मोजला" असं मोघम वाक्य जर्नलमध्ये चालवून घ्यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं आहे. पानात एक लांब साखळी चालते. प्रकाशाने पाणी फुटतं, त्यातले इलेक्ट्रॉन पुढे सरकतात, एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा वाहणारे रेणू तयार होतात. त्यांच्या बळावर कार्बन डायऑक्साइडची साखर बनते आणि उरलेली साखर स्टार्च म्हणून साठते. एक कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेत बसवायला ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच खर्च होतात. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला ४ इलेक्ट्रॉन हलावे लागतात आणि त्यासाठी किमान ८ फोटॉन लागतात.

शाळा-कॉलेजातला प्रत्येक प्रयोग या साखळीची एकच कडी पकडतो. पानाची तरंगणारी चकती निव्वळ ऑक्सिजन दाखवते, हिल अभिक्रियेतला निळा रंग उडतो तो फक्त इलेक्ट्रॉनमुळे, आयोडीन थेट शेवटची शिल्लक, म्हणजे स्टार्च, दाखवतं. म्हणून प्रत्येक प्रयोगपत्रिकेची पहिली ओळ "हा प्रयोग नेमकं काय मोजतो" हीच असेल.

८ जानेवारी: पालकाच्या चकत्या, मांडणी

मोजतो: निव्वळ ऑक्सिजन, म्हणजे तयार झालेला वजा श्वसनात गेलेला.

द्रावण: ३०० मिली पाण्यात ०.६ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे ०.२ टक्के. चकत्यांना कार्बन डायऑक्साइड यातूनच मिळतो. सोडा नेमका सोडियम बायकार्बोनेटच हवा. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्च असतं, ती पाण्यात पडताच फसफसते. धुण्याचा सोडा म्हणजे कार्बोनेट, त्याने पाणी फार अल्कधर्मी होतं. भांड्यांचा द्रवसाबण आधी पाण्यात पातळ करायचा (५ मिली साबण, २५० मिली पाणी) आणि त्यातला एकच थेंब या ३०० मिलीमध्ये टाकायचा. साबणामुळे पानाचा मेणचट थर ओला होतो. फेस दिसला तर साबण जास्त झाला, सोड्याचं तेच द्रावण आणखी घालून तो पातळ करायचा.

चकत्या: जाड स्ट्रॉ किंवा कॉर्क बोअररने, मधली शीर आणि जाड उपशिरा टाळून. शिरेवरची चकती जड असते, शेवटपर्यंत बुडालेली राहते आणि सगळी सरासरी बिघडवते. प्रत्येक ग्लासाला १०.

हवा काढणं: १० मिलीच्या सिरिंजमध्ये (सुई नको) चकत्या टाकून दट्ट्या हळू आत सारायचा, ५ मिलीच्या आसपास द्रावण ओढायचं, हवा बाहेर काढायची. मग टोकावर बोट दाबून दट्ट्या मागे खेचायचा आणि १० सेकंद तसाच धरायचा. चकत्यांच्या कडांतून बारीक बुडबुडे येतात. बोट सोडलं की पानातल्या मोकळ्या जागांत द्रावण शिरतं. दोन-तीन वेळा केलं की चकत्या तळाला बसतात. पुढे उजेडात तयार होणारा ऑक्सिजन त्याच जागांत भरला की त्या पुन्हा वर येतात. पाच-सहा वेळा करूनही बुडत नसतील तर पान जून तरी आहे किंवा साबण कमी पडलाय. जोर लावून ओढू नये. पेशी फुटल्या की चकती काळपट, अर्धपारदर्शक होते आणि पुढे काहीच करत नाही.

बाजारातली संध्याकाळची जुडी बहुधा कोमेजलेली असते. देठ पाण्यात ठेवून उजेडात अर्धा तास उभी केली की काम नीट चालतं.

जोडीला दोन ग्लास हवेतच. एकात सोड्याऐवजी उकळून गार केलेलं पाणी आणि साबण, दुसरा काळ्या कागदात गुंडाळलेला. उकळल्याने पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. नळाच्या साध्या पाण्यात थोडं बायकार्बोनेट असतंच, त्यामुळे न उकळलेल्या पाण्यातही काही चकत्या तरंगतात आणि मुलं गोंधळतात.

वाचन दर मिनिटाला. ग्लास हलकेच फिरवून तळाला चिकटलेल्या चकत्या मोकळ्या करायच्या आणि वर आलेल्या मोजायच्या. दहापैकी पाच वर यायला लागलेला वेळ म्हणजे अर्धवेळ. आलेखात अर्धवेळ नाही तर त्याचा व्यस्त, १ भागिले मिनिटं, काढायचा. वेळ कमी म्हणजे दर जास्त, त्यामुळे व्यस्त घेतला तरच रेषा वर चढताना दिसते.

सगळ्या चकत्या तरंगल्यावर तोच ग्लास काळ्या कागदाखाली ठेवला की त्या पुन्हा बुडू लागतात, कारण श्वसन ऑक्सिजन खातं. बुडायला तरंगण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. पूर्ण उजेडातल्या प्रकाशसंश्लेषणापुढे पानाचं श्वसन लहान असतं, ते इथे घड्याळावर दिसतं. प्रयोगाचा हा भाग वगळू नये.

११ जानेवारी: चकत्या आणि प्रकाश

९ वॉटचा घरगुती एलईडी बल्ब या प्रयोगाला पुरत नाही. ३० सेंटिमीटरवर त्याचा उजेड दोन-अडीच हजार लक्सच्या आसपास भरतो. एवढ्या उजेडात पालकाचं उत्पादन श्वसनापेक्षा जेमतेम वर असतं. मुलं तासभर ग्लासाकडे बघत बसतात आणि प्रयोग फसला म्हणतात. ५० वॉटचा एलईडी फ्लडलाइट घेतला.

अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई होतो, हे गणित बिंदूएवढ्या दिव्याचं. दिव्याच्या रुंदीच्या पाचपट अंतराच्या आत ते चुकतं. फ्लडलाइट १५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे पाऊण मीटरच्या आत अंतराचा वर्ग वापरून काढलेला आलेख खोटा. त्यामुळे अंतर सोडून दिलं आणि ग्लासाच्या जागी लक्समीटर ठेवून दिवा मागेपुढे केला. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, हिरव्या-पिवळ्याला झुकतं. एकाच दिव्याचे उजेड एकमेकांशी ताडायला ते पुरतं, पण बल्ब आणि ऊन यांची लक्सवर तुलना करू नये. दुपारच्या स्वच्छ उन्हाला एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, म्हणजे दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल उपयोगी फोटॉन.

दिवा आणि ग्लास यांच्यामध्ये पाण्याने भरलेलं चपटं भांडं. द्रावणाचं तापमान २५ अंशांवर, एका अंशापेक्षा जास्त सरकू द्यायचं नाही.

अर्धवेळ: ४,००० लक्सला २८ मिनिटं, ८,००० ला १३, १६,००० ला ९, ३२,००० ला ८.

या चार आकड्यांत दोन गोष्टी आहेत. ४,००० वरून ८,००० वर जाताना दर दुपटीपेक्षा थोडा जास्त वाढला. श्वसनाची वजावट दोन्हीकडे सारखीच, पण कमी उजेडात ती निव्वळ आकड्याचा मोठा हिस्सा खाते. दुसरी गोष्ट, १६,००० वरून ३२,००० वर गेल्यावर दर जवळजवळ हललाच नाही. प्रकाशाच्या बाजूला एटीपी, एनएडीपीएच भरपूर आहेत, पण कार्बन बसवणारं चक्र त्याहून वेगाने फिरत नाही. जास्तीचा प्रकाश पान उष्णतेच्या रूपाने टाकून देतं. मर्यादा ठरवणाऱ्या घटकाची ही कल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडली. आलेख जिथे आडवा होतो तिथे मुलांना विचारायचा प्रश्न एकच: आता काय वाढवलं तर दर वाढेल?

सोडा ०.२ वरून ०.५ टक्के केला तर थोडा फरक पडतो. त्यापुढे वाढवण्यात अर्थ नाही, क्षार वाढून पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि दर उलट घसरतो.

१६ जानेवारी: हायड्रिला

मोजतो: बुडबुडे. ऑक्सिजन नव्हे.

फांदीचा कापलेला शेंडा उलटा, म्हणजे देठाकडचं टोक वर, ०.५ टक्के सोड्याच्या पाण्यात. ताज्या ब्लेडने तिरपा छेद. बोटाने चिरडलेल्या टोकातून बुडबुडे येत नाहीत. प्रत्येक उजेडाला पाच मिनिटं स्थिरावू देऊन मगच मोजायला सुरुवात.

बुडबुड्यात ऑक्सिजनबरोबर नायट्रोजनही असतो, कारण पाण्यात विरघळलेले वायू खोडातल्या पोकळीत शिरतात. शिवाय बुडबुड्याचा आकार बदलतो. वेग वाढला की ते लहान होऊन भराभर सुटतात आणि मोजणी फुगते. उलटी पिपेट लावून वायूचं आकारमान वाचणं त्यापेक्षा बरं.

जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात याच हायड्रिलावर काम केलं आणि बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र बनवलं. उन्हाळ्यातलं आणि हिवाळ्यातलं हायड्रिला वेगळं वागतं, हेही त्यांनी पाहिलं. आज त्याचं कारण कळतं. गरम, कार्बन डायऑक्साइड कमी असलेल्या पाण्यात हायड्रिला मक्यासारखी सी-४ पद्धत (कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात पकडण्याची) सुरू करतं आणि तीही एकाच पेशीत. म्हणून एप्रिलमध्ये तळ्यातून आणलेली फांदी आणि जानेवारीतली फांदी यांचे आकडे एका आलेखात टाकू नयेत.

१९ जानेवारी: रंगद्रव्यं

मोजतो: प्रकाश पकडणारं सामान कोणतं आणि किती. दराबद्दल काहीच सांगत नाही.

पालकाची ३ ग्रॅम पानं, चिमूटभर स्वच्छ वाळू, ५ मिली ॲसिटोन, खलात घोटायचं. त्यात चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट हवंच. पेशी फुटल्या की त्यांतलं आम्ल क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम काढून टाकतं आणि फिओफायटिन नावाचा करडा पदार्थ बनतो. पुढे कागदाच्या पट्टीवर रंगद्रव्यं वेगळी केल्यावर नारिंगी-पिवळ्या कॅरोटीनच्या खाली राखाडी पट्टा दिसला तर हेच झालंय. फळ्यावरचा खडू त्याच्या जागी चालत नाही, तो बहुधा जिप्समचा असतो.

व्हॉटमन नंबर १ च्या कागदाची २ बाय १५ सेंटिमीटर पट्टी. तळापासून २ सेंटिमीटरवर पेन्सिलची रेघ (पेनची शाई द्रावकाबरोबर वर चढते). बारीक केशनळीने एकाच जागी १५-२० वेळा ठिपका, दर वेळी वाळवून. द्रावक ९ भाग पेट्रोलियम इथर, १ भाग ॲसिटोन, तळाशी १ सेंटिमीटर खोल. ठिपका त्यात बुडता कामा नये. भांडं झाकून आधी दहा मिनिटं ठेवायचं म्हणजे आत वाफ भरते. नाहीतर पट्टे तिरके चढतात. आसपास ज्योत नको, हीटरही नको.

कागदावर वरून खाली: कॅरोटीन नारिंगी-पिवळं, झँथोफिल पिवळं, क्लोरोफिल ए निळसर हिरवं, क्लोरोफिल बी पिवळसर हिरवं. सिलिकाच्या पट्टीवर झँथोफिल क्लोरोफिलच्या खाली जातं, त्यामुळे पुस्तकातली आकृती आणि समोरची पट्टी जुळत नसेल तर आधी पट्टी कशाची आहे ते बघावं.

क्लोरोफिलचं प्रमाण काढायला ८० टक्के ॲसिटोनमधला अर्क आणि आर्नन यांचं १९४९ चं सूत्र. एकूण क्लोरोफिल, मिलिग्रॅम प्रति लिटर = २०.२ गुणिले ६४५ नॅनोमीटरचं शोषण, अधिक ८.०२ गुणिले ६६३ नॅनोमीटरचं शोषण. हे कलरीमीटरवर करू नये. कलरीमीटरच्या लाल फिल्टरचा पट्टा ४० नॅनोमीटरपर्यंत रुंद असतो, त्याला ६४५ आणि ६६३ वेगळे दिसतच नाहीत. अरुंद पट्ट्याचा स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळाला तरच हे गणित, नाहीतर फक्त गडद-फिकट अशी तुलना.

अर्काच्या प्रकाशशोषणाच्या आलेखात हिरव्या रंगाजवळ खोल दरी दिसते आणि त्यावरून "हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी" असं लिहिलं जातं. ते चूक आहे. अख्ख्या पानात प्रकाश पेशींवर आपटून पुन्हापुन्हा वळतो, त्याचा मार्ग लांबतो आणि पडलेल्या हिरव्या प्रकाशातला बहुतेक भाग पान शोषून घेतं. निळा आणि लाल वरच्या थरांतच संपतात, हिरवा खोलवरच्या हरितलवकांपर्यंत पोचतो. प्रयोगपत्रिकेत हे ठळक लिहायचं आहे.

२३ जानेवारी: हिल अभिक्रिया

मोजतो: पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन. कार्बन डायऑक्साइडचा इथे संबंधच नाही.

संचातला सगळ्यांत बोलका प्रयोग हाच, म्हणून यावर जास्त वेळ. रॉबर्ट हिल यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं की पानातून काढलेले हरितलवक कार्बन डायऑक्साइड नसतानाही ऑक्सिजन सोडतात, फक्त इलेक्ट्रॉन घेणारा दुसरा कोणीतरी लागतो. तो ऑक्सिजन पाण्यातूनच येतो, हे १९४१ मध्ये रुबेन आणि कामेन यांनी जड ऑक्सिजन वापरून दाखवलं. इथे इलेक्ट्रॉन घेणारा डीसीपीआयपी नावाचा निळा रंग. इलेक्ट्रॉन मिळाला की तो रंगहीन होतो.

माध्यम, १०० मिली: साखर (सुक्रोज) १३.७ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.०७५ ग्रॅम, ०.०५ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७. बर्फात थंड. साखर नसेल तर हरितलवक पाणी ओढून फुगतात आणि फुटतात.

रंग: डीसीपीआयपीचं सोडियम लवण, २९ मिलिग्रॅम एक लिटर बफरमध्ये, म्हणजे ०.१ मिलिमोलर. अंधाऱ्या बाटलीत.

कृती: शिरा काढलेला २० ग्रॅम पालक, ४० मिली थंड माध्यम, थंड केलेल्या मिक्सरच्या भांड्यात पाच-पाच सेकंदांचे तीन झटके. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि काम तिथेच संपतं. पाणी फोडणारा मँगनीज-कॅल्शियमचा पुंजका ५० अंशांच्या आसपास काही मिनिटांतच निकामी होतो. आठपदरी मलमलीतून गाळायचं, पिळताना हात हलका ठेवायचा. गाळलेल्या रसातले हरितलवक सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून वरचं पाणी फेकायचं आणि हिरवा साका पुन्हा थंड माध्यमात उचलायचा.

हे धुणं टाळता येत नाही. पालकाच्या रसात क जीवनसत्त्व असतं आणि तेही डीसीपीआयपीचा रंग घालवतं. लिंबातलं क जीवनसत्त्व मोजायला हाच रंग वापरतात. न धुतलेला रस घेतला तर अंधारातली नळीही रंगहीन होते आणि सगळा निष्कर्ष कोसळतो. सेंट्रिफ्यूज नसेल तिथे रस अंधारात ठेवून त्यात रंग थेंबथेंब घालत जावा. निळेपणा टिकून राहिला की क जीवनसत्त्व संपलं, मग दिवा लावावा.

नळ्या चार, प्रत्येकीत ४.५ मिली रंग:

१. हरितलवक ०.५ मिली, उजेडात
२. हरितलवक ०.५ मिली, फॉइलमध्ये गुंडाळून
३. उकळलेले हरितलवक ०.५ मिली, उजेडात
४. नुसतं माध्यम ०.५ मिली, उजेडात

पहिली नळी निळसर हिरव्यावरून साध्या हिरव्यावर येते. "रंग उडाला" म्हणजे पाण्यासारखी स्वच्छ झाली असं नव्हे, क्लोरोफिलचा हिरवा राहतोच. म्हणून डोळ्याने बघताना शेजारी रंग न घातलेली हरितलवकांची नळी ठेवावी. कलरीमीटरला ६०० नॅनोमीटरजवळचा फिल्टर, दर मिनिटाला वाचन. दुसरी, तिसरी, चौथी निळी राहायला हव्यात. चौथी फिकी झाली तर दिव्याचा ताप किंवा माध्यमातलं काहीतरी रंग खातंय, त्या दिवसाचे आकडे बाद.

हरितलवक बर्फावरही तासा-दोन तासांत मंदावतात. वर्गाच्या दोन तुकड्या असतील तर साका दोनदा काढायचा.

२५ जानेवारी: ॲट्राझिनची जोड

मका आणि उसाच्या शेतात फवारलं जाणारं ॲट्राझिन नेमकं कुठे घाव घालतं, ते हिलच्या नळीत दिसतं. दुसऱ्या प्रकाशप्रणालीतल्या (पाणी फोडणाऱ्या भागातल्या) डी-१ प्रथिनात इलेक्ट्रॉन उचलून नेणाऱ्या क्विनोनची एक जागा असते. ॲट्राझिन तीच जागा अडवून बसतं, डाययुरॉन हे दुसरं तणनाशकही तिथेच बसतं.

५० टक्केवाली भुकटी ४३ मिलिग्रॅम, १ लिटर पाण्यात. सक्रिय घटक २१.५ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोमोलर. ॲट्राझिन पाण्यात लिटरला ३३ मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतं, त्यामुळे याहून कडक द्रावण करायचा प्रयत्न व्यर्थ. भुकटीतली माती खाली बसू द्यायची आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. नळीत ४ मिली रंग, ०.५ मिली हरितलवक, ०.५ मिली हे द्रावण, म्हणजे शेवटी १० मायक्रोमोलर. तुलनेच्या नळीत द्रावणाच्या जागी साधं पाणी. साधं पाणी असलेली नळी रंग सोडते, ॲट्राझिनची निळीच राहते. हातमोजे घालायचे, उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत गोळा करायचं.

मक्याला मग काही होत कसं नाही? मक्याचे हरितलवक वेगळे काढले तर तेही पालकाइतकेच अडतात. मक्याच्या पानात ॲट्राझिनला ग्लुटाथायोन जोडून निष्प्रभ करणारी विकरं आहेत, ती हरितलवकापर्यंत औषध पोचायच्या आतच काम उरकतात. तण मात्र उभ्या उभ्या जळतं, आणि तेही उपासमारीने नव्हे. इलेक्ट्रॉनची वाट बंद झाल्यावर क्लोरोफिलने पकडलेली ऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि त्यातून बनणारे घातक रेणू पेशीची पटलं जाळतात. म्हणूनच भर उन्हात परिणाम लवकर दिसतो.

३० जानेवारी: आयोडीन

मोजतो: शिल्लक स्टार्च. दर नाही, ऑक्सिजन नाही, आज सकाळचं की कालचं हेही नाही.

आयोडीन नुसत्या पाण्यात विरघळत नाही. २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात, त्यात १ ग्रॅम आयोडीन पूर्ण विरघळवायचं, मग ३०० मिली करायचं.

कुंडी ४८ तास अंधारात. नंतर पानाच्या एका भागावर काळ्या कागदाची पट्टी लावून उजेडात चार-पाच तास. पान उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं, पेशींची पटलं फुटेपर्यंत. मग अल्कोहोलमध्ये, तेही गरम पाण्याच्या भांड्यात नळी उभी करून आणि बर्नर बंद करून. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे शेगडीवरून उतरवलेलं गरम पाणी पुरतं. पान पांढुरकं आणि कडक झालं की गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं, नाहीतर उलगडताना तुटतं. मग आयोडीन. पान फक्त तपकिरी होत असेल तर गाभ्यात अजून क्लोरोफिल आहे का ते आधी बघावं.

अर्ध्या पानाच्या बाटलीच्या प्रयोगात (आत कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अर्धं पान आत, अर्धं बाहेर) आतला भागही निळा पडला, तर बहुतेक वेळा बुचाच्या चिरेतून हवा शिरलेली असते. चिरेवर दोन्ही बाजूंनी व्हॅसलीन.

कांद्याच्या पातीवर हा प्रयोग मुद्दाम ठेवलाय. दिवसभर उन्हात राहूनही पात काळी पडत नाही. कांदा पातीत स्टार्च साठवतच नाही, साखर आणि फ्रुक्टान (फ्रुक्टोज साखरेच्या साखळ्या) साठवतो. आयोडीनवर विसंबून "इथे प्रकाशसंश्लेषण होत नाही" असं लिहिणाऱ्याला ही पात दाखवायची.

मक्याचं कोवळं पान संध्याकाळी तोडून तसंच रंगवलं. भिंगाखाली एकाआड एक पट्टे: शिरांलगत निळे-काळे, मधे फिकट. मक्यात कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पर्णमध्य पेशींत चार कार्बनच्या आम्लात पकडला जातो, ते आम्ल शिरेभोवतीच्या आवरण पेशींत जातं, आणि रुबिस्को (कार्बन डायऑक्साइड साखरेच्या चक्रात बसवणारं विकर) व साखरेचं चक्र तिथेच चालतं. त्यामुळे स्टार्चही तिथेच. उसातल्या या चार कार्बनच्या आम्लांचा सुगावा हवाईमध्ये लागला, आणि ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये पूर्ण मार्ग मांडला. ज्वारीचं पानही असेच पट्टे देतं, पालक देत नाही. आडवा छेद घेतला तर दोन शिरांच्या आवरणांमध्ये जेमतेम दोन पर्णमध्य पेशी दिसतात. ब्लेड नवं असेल आणि पान बटाट्याच्या फोडीत धरलं असेल, तर हा छेद पहिल्या काही कापांतच मिळतो.

४ फेब्रुवारी: पानफुटी

मोजतो: रात्री पकडलेला कार्बन डायऑक्साइड, आम्लाच्या रूपात.

बेंजामिन हेन हे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात असताना त्यांनी १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला लिहिलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव. पानफुटी रात्री पर्णरंध्रं उघडते, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लात बांधून रिक्तिकेत (पेशीतल्या रसाच्या पिशवीत) साठवते, आणि दिवसा रंध्रं मिटून तेच आम्ल मोडून साखर बनवते. अननस, घायपात आणि सांगली-सोलापूरकडे लागलेलं ड्रॅगन फ्रूट याच पद्धतीचं.

एकाच पेराची समोरासमोरची दोन पूर्ण वाढलेली पानं निवडायची, एक सूर्य उगवण्याआधी, दुसरं सूर्यास्ताला. कोवळ्या पानात फरक कमी दिसतो. तोडल्याबरोबर २ ग्रॅम मोजून उकळत्या पाण्यात टाकायचं, नाहीतर टेबलावरच्या उजेडात आम्ल मोडायला लागतं. दहा मिनिटं उकळून, खलात घोटून, गाळून ५० मिली करायचं. पाणी आधी उकळून गार केलेलंच, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही सोडियम हायड्रॉक्साइड खातो. मग टायट्रेशन, म्हणजे अर्क गुलाबी होईपर्यंत ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजायचं, दर्शक फिनॉल्फ्थॅलीन. अर्क हिरवट असेल तर गुलाबी छटा लपते. पांढरा कागद खाली आणि शेजारी न टायट्रेट केलेला अर्क ठेवावा, किंवा पीएचमीटर ८.३ वर थांबवावा.

पहाटेच्या पानाला सोडियम हायड्रॉक्साइड १९ मिली लागलं, संध्याकाळच्या पानाला ४ मिली. फरक १५ मिली, म्हणजे १५० मायक्रोइक्विव्हॅलंट, दर ग्रॅमला ७५. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ७५ हाच कार्बन डायऑक्साइडचा आकडा धरणं. मॅलिक आम्लाला दोन आम्लगट असतात आणि एका रेणूत रात्री पकडलेला एकच कार्बन डायऑक्साइड. म्हणून ३७.५ मायक्रोमोल, वजनात सुमारे ५ मिलिग्रॅम मॅलिक आम्ल दर ग्रॅम पानात.

६ फेब्रुवारी: पानफुटी, बंद पिशवी

कुंडीतलं एक पान संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवलेला कापूस छोट्या वाटीत, पानाला न लागता. पिशवीचं तोंड देठाभोवती व्हॅसलीन लावून बांधलं. पहाटे टायट्रेशनला सोडियम हायड्रॉक्साइड ८ मिली लागलं.

बाहेरचा कार्बन डायऑक्साइड बंद असूनही आम्ल ४ मिलीवर थांबलं नाही. पान रात्री श्वसन करतं आणि स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड बाहेर निसटायच्या आत पुन्हा बांधतं. कडक दुष्काळात काही निवडुंग दिवसरात्र रंध्रं बंद ठेवून याच पुनर्वापरावर तग धरतात, वाढत मात्र नाहीत.

पिशवीचं पान आणि उघडं पान एकाच रात्रीचं घ्यायचं. रात्र उबदार असली की पहाटेचं आम्ल कमी भरतं, गार रात्री जास्त. मार्चमध्ये हा प्रयोग लावणाऱ्या वर्गाने किमान तापमान जर्नलमध्ये लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये.